जुन्या ग्राहकाने कसे वागावे

सकाळी पोहे-जलेबी आटोपून तुम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या घरी टीव्ही लावला आणि पडद्यावर 'रिचार्ज समाप्त' अशी पाटी आली, तर डोकं फिरवून घेऊ नका. या डिश कंपनीकडे तुम्हाला बारा वर्षं झाली. बारा वर्षं म्हणजे एक तप. तपस्व्याने ऑफर विचारायची नसते.

ऑफर नव्यांसाठी असते. जेल रोडवरच्या दुकानात पाटी आहे: नवं कनेक्शन, एचडी बॉक्स, वर एक महिना फुकट. हौस असेल तर विचारून बघा, "भिया, जुन्या ग्राहकाला काय?" दहाव्या वर्षीही दिवाळसण मागणाऱ्या जावयाकडे पाहावं, तसा भिया तुमच्याकडे पाहील.

तेव्हा निमूटपणे अपग्रेड घ्या. बॉक्सचे पैसे द्या, बसवायला येणाऱ्या मुलाचे द्या, वायरचेही द्या. आमच्या शेजारच्या काकांनी असाच एचडी बॉक्स घेतला आणि जुनीच लाल-पांढरी-पिवळी पिन टीव्हीत खुपसली. त्या पिनांतून एचडी येत नाही, पण काका दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला मालिकेतल्या सासूच्या शालूची जर मोजून दाखवत होते. शेवटी भाच्याने एचडीएमआय केबल लावून दिली. चित्र तसंच राहिलं. पॅकमध्ये एकही एचडी चॅनेल नव्हतं.

पॅक निवडताना कॉल सेंटरच्या मुलीवर विश्वास ठेवा. "सर, आप मध्य प्रदेश से हैं, आपके लिए हिंदी पैक बेस्ट रहेगा." मल्हारराव होळकरांपासून आम्ही इथेच आहोत वगैरे तिला ऐकवू नका, तिच्या स्क्रीनवर मल्हारराव नाहीत. हिंदी पॅक घ्या आणि मराठी चॅनेलं वरून वेगळी जोडा. लहान मुलांची चार कार्टून चॅनेलं आपोआप येतील. घरात सगळ्यात लहान आजी आहे, वय ८१. तिला आवडतील.

हिशेब मात्र करायला बसू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायची नवी पद्धत आली, तेव्हा नुसत्या जोडणीचे पहिल्या १०० चॅनेलांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये घेता येत. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या चॅनेलांची किंमत निराळी. २०२० मध्ये तेवढ्यातच २०० चॅनेलं द्यायला लावली, दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त जोडणी-शुल्क लावू नका असंही सांगितलं. २०२४ मध्ये ही वरची मर्यादाच काढून टाकली. एवढं वाचून तुम्ही दुसऱ्या टीव्हीचं बिल तपासायला उठला असाल तर बसा. चहा घ्या.

कंपनी बदलायचा विचारही नको. मोबाइलचा नंबर २०११ पासून देशभर कुठल्याही कंपनीकडे नेता येतो, पण डिशचा बॉक्स एकपत्नीव्रती. दुसरीचा सिग्नल तो उघडत नाही, छतावर नवी छत्री लावा. डीडी फ्री डिशचं तर नावच काढू नका. ती २००४ पासून चालू आहे, छत्री-बॉक्स एकदा घेतला की महिन्याचं काही नाही, वर सह्याद्री दिसतं. पण मग महिन्याअखेरी भांडायचं कोणाशी?

पावसाळ्यात चित्राचे चौकोन झाले तरी तक्रार नको. सिग्नल ३६ हजार किलोमीटर नीट येतो आणि आपल्या डोक्यावरच्या ढगाशी अडखळतो, त्याला कंपनी काय करणार? पैसे त्या दिवसाचेही कापले जातात, एवढंच.

काही लोक 'कनेक्शन बंद करतो' म्हणतात. म्हणे चार दिवस रिचार्ज केला नाही की कंपनीच फोन करते आणि जेल रोडवर न मिळालेली सूट गोड आवाजात देऊ करते. असला रुसवाफुगवा आपल्याला शोभत नाही.

काकांनी तोही केला नाही. त्यांनी काकूंच्या नावाने नवं कनेक्शन घेतलं. बॉक्स फुकट, महिना फुकट, आणि काकूंना रोज 'परिवार में आपका स्वागत है'चे मेसेज. जुन्या छत्रीच्या दांड्याला दोरी बांधून काकू आता कपडे वाळत घालतात. वर्षभराने त्याही जुन्या होतील. तोवर मुलाचं लग्न उरकायचं आहे, म्हणजे पुढच्या कनेक्शनला सूनबाईचं आधार कार्ड लागेल.