पहिल्या वळणावर मागच्याने तीन सेकंद सोडायचेच असतात

सातारा, कराड, सांगली, मिरज इथली बरीच पोरं आता रात्री दहानंतर टेबलाला स्टीअरिंग व्हील आवळून गाड्यांच्या गेममधल्या ऑनलाइन रेसला बसतात. कुणी आयरेसिंगवर, कुणी असेटो कोर्सा कॉम्पेतित्सिओनेवर, प्लेस्टेशनवाले ग्रान तुरिस्मो ७ वर. रेस संपली की ग्रुपवर भांडणं लागतात ती बहुतेक पहिल्या लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या पहिल्या फेरीची, आणि त्यातलीही बहुतेक पहिल्या वळणाची. "मी आत होतो", "तो आडवा आला", "नेट गंडलं", आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी समजूत घालतो, "पहिला लॅप आहे, चालायचंच." ही पोस्ट त्या 'चालायचंच'बद्दल आहे. पहिल्या लॅपला दिली जाणारी ही माफी आपल्या लीगमधून काढून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते हिशोबाने मांडतो.

ताशी २१६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर ६० मीटर. सरळ पट्ट्यावर पुढची गाडी ०.३ सेकंद पुढे असेल, तर तिच्या नाकापासून तुमच्या नाकापर्यंत १८ मीटर होतात. जीटी३ गाडीची, म्हणजे रेससाठी बदललेल्या स्पोर्ट्स कारची, लांबी साडेचार मीटरच्या थोडी वर, म्हणजे मध्ये भरपूर मोकळं दिसतं. आता तेच ०.३ सेकंद हेअरपिनमध्ये, म्हणजे जवळपास उलट फिरवणाऱ्या वळणात, न्या. गर्दीत तिथे वेग ताशी ५४ धरा, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. नाकापासून नाकापर्यंत उरले साडेचार मीटर. त्या जागेत तर पुढच्याची गाडीच उभी आहे! एकामागोमाग वळायचं असेल तर ०.३ सेकंदांचं अंतर तिथे ठेवताच येत नाही. मध्ये जेमतेम दोन मीटर मोकळे हवेत म्हटलं तरी ०.४५ सेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक गाडीने आपल्या पुढच्यापेक्षा ०.१५ सेकंद जास्त सोडायचे. वीस गाड्यांच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, विसाव्याच्या वाट्याला हे एकोणीस वेळा येतं, बेरीज २.८५ सेकंद. गाड्या जोडीजोडीने वळल्या तर आकडा कमी होतो, पण मग प्रत्येकाला आपली लाइन, म्हणजे वळण घ्यायची वाट, आवळून अजून हळू वळावं लागतं, त्यामुळे वाचलेलं बरंचसं तिथे जातं.

हे तीन सेकंद कुणाच्या कौशल्यावर अवलंबून नाहीत. दिवे हिरवे व्हायच्या आधीच ते गेलेले असतात. मागे बसलेला ज्या क्षणी ठरवतो की मी हे सोडणार नाही, त्या क्षणी ते दुसऱ्या कुणाच्या तरी बंपरमधून वसूल होतात. आणि बहुतेक वेळा त्याने असं काही ठरवलेलंही नसतं, त्याला हा हिशोबच ठाऊक नसतो. म्हणून इथे इतका वेळ घेतला.

आता ब्रेकिंग. प्रॅक्टिसमध्ये शंभर मीटरच्या पाटीला ब्रेक मारायची सवय लागलेली असते. समजा सेकंदाला ६० मीटर वेगावरून २० वर यायचं आहे आणि ब्रेकने हा वेग दर सेकंदाला १५ ने कमी होतो. लागतात १०७ मीटर. पहिल्या लॅपला टायर थंड, पकड दहा टक्के कमी धरली तर तेच ११८ मीटर होतात. त्यात पुढच्याच्या हवेच्या आडोशाला, म्हणजे ड्राफ्टमध्ये असाल, तर वळणाशी पोचता पोचता वेग सेकंदाला तीनेक मीटर जास्त असतो. दोन्ही धरून हिशोब जातो १३२ मीटरवर. एका रेषेत पाच गाड्या उभ्या राहतील एवढा हा फरक. शिवाय ड्राफ्टमध्ये गाडीच्या पुढच्या भागाला खाली दाबणारी हवा कमी, ब्रेक डिस्क अजून गरम व्हायच्या आहेत, आणि टाकीत क्वालिफाइंगपेक्षा, म्हणजे ग्रिडवरची जागा ठरवणाऱ्या फेरीपेक्षा, बरंच जास्त पेट्रोल. ब्रेक तोच, पाय तोच, गाडी वेगळी. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली पकड आणून देत नाही.

आणखी एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. पुढे गाडी असली की ती पाटी दिसतच नाही. एकट्याने लॅप मारताना पाठ केलेली खूण गर्दीत झाकली जाते, आणि मग पुढच्याचे ब्रेकलाइट बघून ब्रेक मारला जातो. दिवा दिसून पाय हलेपर्यंत पाव सेकंद गेला तर १५ मीटर गेले. म्हणून खूण बाजूची निवडा, उंचावरची निवडा: पूल, मार्शलची चौकी, कठडा संपतो ती जागा, झाडाची सावली संपते ती जागा. पहिल्या लॅपसाठी त्या खुणेच्याही २५-३० मीटर आधीची दुसरी खूण वेगळी ठरवून ठेवा.

मोंझाचं पहिलं वळण घ्या, इटलीतला ५.७९३ किलोमीटरचा ट्रॅक. सुरुवातीचा पट्टा लांबलचक आणि रुंद, आणि शेवटी एकदम अरुंद उजवं-डावं शिकेन, म्हणजे लागोपाठची दोन उलटसुलट वळणं. पट्ट्यावर चार गाड्या शेजारी शेजारी आरामात येतात, शिकेनमध्ये दोन मावतात, त्याही एकमेकींना सांभाळून घेतलं तर. आता आठव्या नंबरच्या गाडीकडे बारकाईने बघा. ती उजवीकडे आहे, समोर सहावी, डावीकडे सातवी. सहावीने नेहमीपेक्षा आधी ब्रेक मारला, आणि ते बरोबरच होतं, कारण तिच्याही पुढे गाडी होती. आठव्याला उजव्या बाजूला कर्बलगत, म्हणजे ट्रॅकच्या कडेला, रिकामी पट्टी दिसते. त्याला वाटतं जागा आहे. प्रत्यक्षात ती जागा सहावी अजून वळायला लागली नाही म्हणून रिकामी आहे, अर्ध्या सेकंदाने तिथेच सहावीचा उजवा दरवाजा येणार आहे. आठवा स्टीअरिंग उजवीकडे देतो, ब्रेकवर असतानाच. पुढच्या टायरची पकड आता ब्रेक आणि वळण दोन्हीत वाटली जाते, नाक रुंद जातं, आणि सहावीच्या मागच्या उजव्या चाकावर आदळतं. सहावी फिरून आडवी होते. सातवीला जायला जागा नसते. नववी, दहावी, अकरावी न दिसणाऱ्या ढिगाऱ्यात येऊन थडकतात. रिप्ले लावला की आठवा म्हणतो, "जागा होती की!" जागा होती, वळण यायच्या आधी.

मग वळणावर हक्क कुणाचा? फॉर्म्युला वनच्या स्ट्युअर्डसाठीच्या, म्हणजे पंचांसाठीच्या, मार्गदर्शक सूचनांत आतून शिरणाऱ्यासाठी खूण दिली आहे: एपेक्सला, म्हणजे वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला, पोचेपर्यंत त्याचा पुढचा अ‍ॅक्सल (पुढच्या चाकांचा आस) निदान समोरच्याच्या आरशापर्यंत आलेला हवा, आणि गाडी ताब्यात राहून ट्रॅकवरच वळण पूर्ण व्हायला हवं. हा दुसरा भाग आपल्याकडे सोयीने विसरला जातो. ब्रेक सोडून नाक आरशापर्यंत नेणं कुणालाही जमतं. नाक पोचलं पण गाडी एपेक्स चुकवून बाहेर सरकत गेली, तर हक्क मिळालाच नव्हता.

आपल्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज पडू नये. बैलगाडी शर्यतीत प्रत्येक गाडीचं तास, म्हणजे धावायची पट्टी, ठरलेलं असतं, आणि आपलं तास सोडून दुसऱ्याच्या तासात घुसलेल्या गाडीची बाजू कुणी घेत नाही, सुटताना बैल बिथरले होते असं सांगितलं तरी. उलट हायवेवरची एक सवय मात्र रेसमध्ये घेऊन यायची नाही: पुणे-बंगळूर रस्त्यावर डिपर मारला की पुढच्याने बाजूला व्हायचं, ही. रेसमध्ये लाइट मारून फक्त 'मी इथे आहे' एवढंच कळवता येतं. त्याच लॅपमध्ये जागेसाठी लढणाऱ्याने लाइट बघून वाट सोडावी असा कुठेही नियम नाही.

नेटबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त खापर त्याच्यावर फुटतं. तुमच्या स्क्रीनवर दिसणारी दुसऱ्याची गाडी ही अंदाजाने काढलेली असते. त्याच्याकडून शेवटची माहिती आली तेव्हा गाडी कुठे, किती वेगात होती, त्यावरून तुमचा संगणक ती आत्ता कुठे असेल ते ठरवतो. सरळ पट्ट्यावर हा अंदाज छान बसतो. ब्रेकिंगमध्ये फसतो, कारण पुढच्याने ब्रेक मारलाय ही बातमी अजून पोचलेली नसते. १५० मिलिसेकंदांचा उशीर, सेकंदाला ६० मीटर वेग: ९ मीटर, म्हणजे जवळपास दोन गाड्या. म्हणूनच तुम्हाला घासल्यासारखं वाटतं आणि समोरच्याच्या रिप्लेत हातभर अंतर असतं, किंवा उलटं. सर्व्हर युरोपात असेल तर इथून एवढा उशीर व्हायचाच, प्रकाशालाही फायबरमधून तेवढं अंतर कापायला वेळ लागतो. पण हे रेसच्या आधी माहीत असतं. पिंग, म्हणजे हा उशीर, आकड्यात समोर दिसतं. माहीत असलेल्या उशिरासाठी जागा सोडायची जबाबदारी माहीत असणाऱ्याची, त्याला सबब म्हणता येत नाही.

स्थिर राहणारा १५० चा पिंग चालून जातो. ४० वरून २०० वर उड्या मारणारा चालत नाही, त्याने गाडी ट्रॅकवर लुकलुकते आणि शेजारचा घाबरून कुठेही वळतो. वायफायऐवजी केबल टाका, भिंतीला भोक पाडावं लागलं तरी. रेसच्या वेळी घरातल्या टीव्हीवर सिनेमा आणि फोनचे अपडेट दोन्ही थांबवा. लाइट जाण्याचा त्रास असलेल्या ठिकाणी राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घरच्या इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते त्या बाजूला ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर वीज बदलायला लागणाऱ्या तेवढ्या क्षणातही राउटर रीस्टार्ट होऊ शकतो आणि तुमची गाडी पहिल्या वळणाच्या मधोमध गोठते.

दिसण्याचंही तसंच. २७ इंची एकच स्क्रीन ६० सेंटिमीटरवर असेल तर खऱ्या प्रमाणात दिसण्याचा आडवा कोन साधारण ५३ अंशच येतो. दारालगतची गाडी त्यात दिसणं शक्यच नाही. पीसीवाल्यांनी क्रू चीफ बसवावं, फुकट आहे, डावीकडे-उजवीकडे गाडी आहे हे कानात सांगतं. आणि ते 'मोकळं' म्हणेपर्यंत लाइन बदलू नये. पेडल फरशीवर सरकत असतील तर मागे भिंतीचा किंवा फळीचा आधार द्या, चाकांच्या खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घाला. शंभर टक्के ब्रेक दाबताना खुर्ची चार बोटं मागे गेली तर मिळतो सत्तर टक्के ब्रेक, आणि ठोकर बसते पुढच्या निर्दोष माणसाला.

आता शिक्षेकडे येतो. आयरेसिंगमध्ये ट्रॅकबाहेर गेलात की १, ताबा सुटला की २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात की ४ इन्सिडेंट पॉइंट, आणि धडकेचे पॉइंट दोघांनाही, चूक कुणाचीही असो. अनेकांना हा अन्याय वाटतो. मला अधिकृत सर्व्हरवर हीच पद्धत योग्य वाटते, कारण तिथे रोजच्या असंख्य रेस बघायला माणसं बसवणं शक्य नाही, आणि दोघांनाही झळ लागली की टाळू शकणारा टाळतो. पण आपली लीग वीस-पंचवीस ओळखीच्या पोरांची. तिथे रिप्ले बघायला माणूस आहे. तिथेही 'लॅप वन, रेसिंग इन्सिडेंट', म्हणजे चूक कुणाचीच नाही, असं लिहून फाइल बंद करायची, हे मला पटत नाही. ज्याला उडवलं तो पंधरा जागा मागे जातो, पुढची चाळीस मिनिटं मोडक्या सस्पेन्शनने चालवतो. उडवणाऱ्याला फार तर पाच सेकंदांची पेनल्टी. या पाच सेकंदांना अर्थ नाही. त्याऐवजी पहिल्या लॅपला मागून धडक सिद्ध झाली तर पुढची रेस पिट लेनमधून, म्हणजे सगळ्यांच्या मागून सुरू, दुसऱ्यांदा झाली तर एक रेस बाहेर. वेगळी सवलत नको आणि वेगळा राग नको, पाचव्या लॅपला जी धडक चूक ठरते ती पहिल्यालाही चूक.

तक्रार करणाऱ्यांसाठीही शिस्त हवी. रेस चालू असताना माइकवर एक शब्द नाही. रिप्ले सेव्ह करा, लॅप, वळण, मिनिट-सेकंद आणि दोन्ही गाड्यांचे नंबर लिहा, दोघांच्याही कॉकपिटमधून एकदा बघा, आणि दुसऱ्या दिवशी पाठवा. निम्म्या तक्रारी समोरच्याच्या कॉकपिटमधून बघितल्यावर आपोआप गळून पडतील असं मला वाटतं.

स्वतः फिरलात तर ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि गाडी जिथे थांबते तिथे थांबू द्या. ब्रेक सोडला की गाडी उलटी घरंगळत लाइनवर येते, आणि मागून येणारे तुम्ही कुठे जाल हे ओळखू शकत नाहीत. मग नकाशावर शेवटची गाडी गेलेली बघायची, गवतातून ट्रॅकला समांतर वेग घ्यायचा, तिरकं आत यायचं नाही. दहा सेकंद जातात, जाऊ द्या.

आणि सराव. आपण क्वालिफाइंगचे पन्नास लॅप मारतो, सुरुवातीचा एकही नाही. एआयच्या वीस गाड्या घ्या, ग्रिडवर बाराव्या-पंधराव्या जागी बसा, थंड टायर, रेसचं पेट्रोल. फक्त पहिली तीन वळणं चालवा आणि रीस्टार्ट. अर्ध्या तासात दहा-बारा सुरुवाती सहज होतात. पहिल्या पाच वेळा जागा मिळवायचा प्रयत्नच करू नका, पुढच्याच्या दोन मीटर मागे राहून न धडकता बाहेर यायचं. नंतरच्या पाचांत आतून, मग बाहेरून. एआय गाड्या माणसांसारख्या घाबरत नाहीत, त्यामुळे हे माणसांच्या गर्दीची बरोबरी करत नाही. म्हणून लीग चालवणाऱ्यांना विनंती आहे: रेसच्या रात्री साडेनऊला सगळ्यांना ग्रिडवर घ्या आणि मोजायच्या रेसआधी दोन सुरुवाती नुसत्या सरावाच्या ठेवा, तिसऱ्या वळणानंतर थांबवून. वीस मिनिटं लागतात. पुढच्या आठवड्यापासून सुरू करायचं असेल तर कमेंटमध्ये ट्रॅक सुचवा, पहिल्यांदा मोंझाच घेऊ.