फुस्स

सकाळी टाकी रिकामी असली की आमचा कॉम्प्रेसर गुणी बाळासारखा चालू व्हायचा. हवेचा दाब दहा केजीला पोचला की स्वतःहून बंद. मग पेंटवाल्यानं गन मारत प्रेशर सातवर आणलं, की मोटर पुन्हा उठायला जायची आणि ‘हूंऽऽऽ’ करून जागच्या जागी कण्हायची. थोड्या वेळानं स्टार्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा डबा, खटकन ट्रिप. मग टाकीखालचा कॉक उघडा, सगळी हवा सोडा, त्यातला रिले (मोटरनं जास्त करंट ओढला की तिला बंद पाडणारा) रिसेट करा, हिरवं बटण दाबा. भोसरीतल्या माझ्या शेडमध्ये दिवसाकाठी एवढीच कवायत चालायची, मध्येमध्ये पेंटिंग.

“स्टार्टर गेलाय,” हे निदान एकमतानं झालं. लग्नात जेवण कमी पडलं की आचारी चोर, तसं मोटर उठली नाही की स्टार्टर चोर.

सासरे वीज मंडळातून रिटायर झालेले. 2005 साली मंडळाची वाटणी होऊन महावितरण वगैरे झालं, पण अप्पांच्या तोंडी अजून ‘बोर्ड’च. त्यांचा फोन आला. “जावईबापू, स्टार-डेल्टा घ्या, मोटर आधी स्टारमध्ये कमी व्होल्टेजवर उठते, मग डेल्टात पूर्ण. डोळे झाकून. डीओएल, म्हणजे थेट लाइनवर उठवणारा स्टार्टर लावलात तर मोटर उठताना सहा-सातपट करंट ओढते. साडेसातचे पन्नास अँपिअर होतात! स्टारमध्ये उठवली की लाइनचा करंट तिसऱ्या हिश्शावर.” करंटबरोबर मोटरचा जोरही तिसऱ्या हिश्शावर येतो, हे सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. जी मोटर पूर्ण जोरात उठत नव्हती, तिला अप्पा उपाशी ठेवून उठवायला निघाले होते.

भाचा इंजिनिअर. तो म्हणाला, “मामा, व्हीएफडी. मोटरचा वेग हळूहळू वाढवत उठवतो.” किंमत ऐकली. तेवढ्या पैशांत मी हा कॉम्प्रेसर जुन्या बाजारातून आणला होता, वर टेम्पोभाडंही सुटलं होतं.

वायरमन मात्र व्यवहारी. त्यानं पेचकस काढला, ओव्हरलोड रिलेचं चाक साडेसातवरून दहावर फिरवलं आणि म्हणाला, “आता ट्रिप नाय व्हनार.” थोडक्यात, कुत्रा भुंकतो म्हणून त्याच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि चोराला चहा विचारायचा. मोटरच्या पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसला. मी चाक गुपचूप परत फिरवलं.

शेवटी पुण्यात तपकीर गल्ली गाठली. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत निम्मा उत्साह गळाला होता. दुकानदार मान वर न करता म्हणाला, “बोला.”

“पाच एचपीचा स्टार्टर.”

“डीओएल का स्टार-डेल्टा? कॉइल दोनशे तीस का चारशे पंधरा? रिले रेंज? बटणावर चालवणार का प्रेशर स्विचवर? प्रिव्हेंटर पाहिजे?”

मुलगी बघायला जाऊन मुलीचं नावच विसरावं, तसा माझा चेहरा झाला. “तो... पांढऱ्या डब्यात येतो तो,” मी म्हणालो. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “आधी नेमप्लेट बघून या.”

नेमप्लेटवर तीन रंगांचे थर होते. सगळ्यात वरचा पोपटी, आमच्याच गनचा. खिळ्यानं खरवडत बसलो तेव्हा आकडे दिसले: 3.7 किलोवॅट, 415 व्होल्ट, 7.5 अँपिअर. दुसऱ्या फेरीत डीओएल, चारशे पंधराची कॉइल, सहा ते दहाचा रिले आणि एक फेज गेला तर मोटर जळू नये म्हणून प्रिव्हेंटर, असा सगळा संसार घेऊन आलो. वायरमननं जोडला. नारळ फोडला. मोटर झोकात उठली, दहाला थांबली. सगळे काट्याकडे बघत उभे. नऊ, आठ, सात...

हूंऽऽऽ. खट्.

खोबऱ्याचा तुकडा तोंडात तसाच राहिला.

तेव्हा हेल्पर पोरगा, वय एकोणीस, खोबरं चावत म्हणाला, “शेठ, मागच्या कंपनीतला कॉम्प्रेसर बंद झाला की फुस्स करायचा. आपला नाय करत.”

आम्ही वाकून पाहिलं. हवेच्या दाबावर मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचच्या बुडाशी बारीक नळीचं भोक, आणि त्या भोकात पांढरी टेप गुंडाळून घट्ट पिळलेला एक स्क्रू. मोटर थांबल्यावर पंपाच्या डोक्यात कोंडलेली हवा त्या वाटेनं बाहेर पडायची असते, म्हणजे पुढच्या वेळी मोटर हलकी उठते. आमची मोटर दर वेळी ती कोंडलेली हवा छातीवर घेऊन उठायला बघत होती. हातभर नळी आणि दोन नटांत काम झालं. जुना स्टार्टर धडधाकट निघाला. तो आता कपाटात आहे, माझ्याकडे बघत.

रविवारी अप्पा शेड बघायला आले. डीओएल पाहून नाराज झाले, पण बोलले नाहीत. काटा दहावर गेला, मोटर थांबली. फुस्स.

अप्पांनी कान टवकारले. चष्मा वर करून खाली वाकले, नळीवर बोट ठेवलं आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे वळले.

“जावईबापू, हवा गळतेय इथून. टेप गुंडाळून एक स्क्रू पिळून टाका.”