‘स्टॅनफर्डने निवडलेले शास्त्रज्ञ’: फिरत्या पोस्टमधले चार दावे

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरते. शाल-श्रीफळाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘बायोमास आणि उत्प्रेरणातल्या संशोधनासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या सरांची निवड केली. सर आता जगातल्या अव्वल 2 टक्के शास्त्रज्ञांत! हजारो सायटेशन्स, म्हणजे चिपाडापासून इंधन करण्याचा प्रश्न सुटल्यात जमा. यादीत नसलेल्यांनी बोध घ्यावा.’ नावं बदलतात, मजकूर तोच. मी याच विषयात काम करते: चिपाडासारख्या वनस्पतिजन्य मालापासून (बायोमास) इंधनं-रसायनं करणं, आणि त्यासाठी अभिक्रियेचा वेग वाढवणारे पदार्थ (उत्प्रेरक) शोधणं. सरांचं कौतुक जरूर व्हावं. पण असल्या पोस्ट वाचून मुलं पीएचडीसाठी गाईड ठरवतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘स्टॅनफर्डने निवड केली.’ निवड कुणीच केलेली नाही. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओॲनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअरच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून ही यादी काढतात. त्यांनी ती 2019 साली पहिल्यांदा मांडली. तिथे समिती बसत नाही, कुणाचे निबंध वाचले जात नाहीत. एकूण सायटेशन्स (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (किती निबंध किमान तितक्याच वेळा उद्धृत झाले तो आकडा), सहलेखकांचा हिशेब धरणारा त्याचाच एक भाऊबंद, आणि एकटा, पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशन्स, अशा सहा आकड्यांवरून गुण निघतो. याद्याही दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाची. सर नेमके कोणत्या यादीत आहेत, हे पोस्टमध्ये नसतं.

‘जगातल्या अव्वल 2 टक्क्यांत.’ यादीत येण्यासाठी एकतर सगळ्या विषयांत मिळून पहिल्या 1 लाखांत यावं लागतं, नाहीतर आपल्या उपशाखेतल्या वरच्या 2 टक्क्यांत. अशा 174 उपशाखा आहेत, आणि तुलना किमान 5 निबंध असलेल्यांशी होते. आमच्यासारख्यांची उपशाखा कोणती, हे निबंध कुठल्या नियतकालिकांत छापले त्यावर ठरतं. एकाच प्रकारचं काम करणारे दोघे एक ऊर्जेत, एक भौतिक रसायनशास्त्रात पडू शकतात, आणि दोन्हीकडचा उंबरठा सारखा नसतो.

‘हजारो सायटेशन्स, म्हणजे प्रश्न सुटला.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. ह्युबर, इबोरा आणि कोर्मा यांनी 2006 साली बायोमासपासूनच्या वाहन-इंधनांवर लिहिलेला रिव्ह्यू हजारो वेळा उद्धृत झाला आहे, आणि त्याची ती योग्यताही आहे. पण रिव्ह्यू म्हणजे इतरांच्या कामाची मांडणी. तो भरपूर उद्धृत झाला म्हणून नवा उत्प्रेरक हाती येत नाही.

मूळ निबंधांचंही पाहा. फ्रुक्टोज या साखरेपासून डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरलचा (साखरेकडून इंधनाकडे जातानाचा मधला पदार्थ) 90 टक्क्यांच्या घरातला उतारा अनेकांनी दाखवला आहे. हे द्रावक 189 अंशांना उकळतं आणि तापवत राहिलं की हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरलच बिघडतं, त्यामुळे बनवण्यापेक्षा वेगळं काढणं जड जातं. शिवाय फ्रुक्टोज म्हणजे चिपाड नव्हे. चिपाडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, सोबत राख आणि शेतातली माती येते. त्यात ह्युमिन नावाचा काळपट पदार्थ तयार होऊन उत्प्रेरकाची छिद्रं बुजवतो.

‘पाच वेळा वापरूनही उत्प्रेरक तसाच’ हा स्तंभालेख तर ठरलेला. अभिक्रिया दर वेळी शेवटापर्यंत चालवली असेल, तर उत्प्रेरक निम्मा मेला तरी पाचही स्तंभ सारखेच उंच दिसू शकतात. अर्ध्यावर थांबवून वेग मोजला तरच खरं कळतं. गाईडकडे जाणाऱ्या मुलांनी हे विचारावं: कच्चा माल चिपाड होता की बाटलीतली साखर? उत्प्रेरक किती तास सलग चालवला?

‘यादीत नसलेल्यांनी बोध घ्यावा.’ पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एन्सिलाइट नावाचे झिओलाइट (अतिसूक्ष्म छिद्रांचं खनिजासारखं द्रव्य) उत्प्रेरक घडवले गेले. त्यावर उभी राहिलेली आल्बीन प्रक्रिया विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान पॉलिमर्समध्ये चालली. तिथे इथिलबेंझीन (प्लास्टिकसाठी लागणारं रसायन) करायला इथिलीनऐवजी थेट अल्कोहोल वापरलं, आणि तेव्हा आपल्याकडे अल्कोहोल म्हणजे मुख्यतः उसाच्या मळीतून आलेलं असे. प्रयोगशाळेतल्या चिमूटभर भुकटीपासून कारखान्यातल्या रिॲक्टरपर्यंत जे लोक वर्षानुवर्षं खपतात, त्यांच्या पेटंटला त्या सहा आकड्यांत जागा नाही, आणि उत्प्रेरक रिॲक्टरमध्ये किती महिने टिकला यालाही नाही.