जी मुलं रुग्णालयाच्या रजिस्टरात नाहीत

गेले काही दिवस एक संदेश या गटातून त्या गटात फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला आणि त्यातले दोघे डॉक्टर आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा: “मुलांच्या शस्त्रक्रियेच्या गरजेची देशव्यापी सर्वेक्षणं म्हणजे पैशाची नासाडी. पाचातल्या एका मुलाला ऑपरेशन लागतं, हा त्यांचा आकडा पटण्यासारखा तरी आहे का? किती मुलं आजारी आहेत ते रुग्णालयांच्या रजिस्टरात असतंच. दारोदार फिरणाऱ्या पोरांना आणि अडाणी आयांना हर्निया काय कळणार? दीड हजार मुलं बघून देशाचा आकडा काढतात. बहुतेक तक्रारी वयानुसार आपोआप जातात. त्यापेक्षा लसी द्या. सर्वेक्षणाने आजवर एकाही मुलाचं ऑपरेशन झालेलं नाही.”

मी बरीच वर्षं लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात काम केलं, आणि नंतर घरोघरी विचारायच्या प्रश्नावल्या तयार करण्यात आणि प्रगणकांना शिकवण्यात. दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. संदेशातली वाक्यं एकेक करून घेते, पण त्याच क्रमाने नाही.

आधी रजिस्टर, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. रजिस्टरात कोण येतं? जे मूल रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलं, ते. त्यासाठी आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं, मग घरात ठरावं लागतं. मग गाडीभाडं जमवायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, धाकट्याला कुणाकडे तरी ठेवायचं. एवढं करून पोचल्यावर तिथे लहान मुलाला भूल देऊ शकणारा माणूस हजर असायला हवा. यातली एक पायरी निसटली तरी रजिस्टरात ओळ उमटत नाही. म्हणजे जिथे सोय सर्वांत कमी, तिथलं रजिस्टर सर्वांत कोरं. आणि ते कोरं पान दाखवून आपण म्हणायचं, इथे गरज नाही!

एक उदाहरण देते, कारण ते मला कधी विसरता येत नाही. काही बाळांचं आतडं जन्मतःच एखाद्या ठिकाणी बंद असतं. बाळ दिसायला धडधाकट असतं, अंगावर घेतलं की ओढतं, आणि थोड्या वेळाने हिरवी उलटी करतं. हिरवी उलटी म्हणजे पित्त खाली जायला वाट नाही. पहिल्या काही दिवसांत ऑपरेशन झालं तर यातली बरीच बाळं वाचतात आणि पुढे इतर मुलांसारखीच वाढतात. घरी जन्मलेलं, शहरापासून लांबचं बाळ आठवड्याच्या आत जातं. घरात म्हणतात, दूध पचलं नाही. मृत्यूची नोंद नाही, कधीकधी जन्माचीही नसते. हे बाळ कुठल्या रजिस्टरात सापडणार?

सर्वेक्षणात ते सापडण्याची शक्यता तरी असते, कारण तिथे घरातल्या कर्त्या माणसाला विचारलं जातं: गेल्या वर्षभरात घरात कुणी वारलं का, आणि त्याआधी त्याला काय झालं होतं? सिएरा लिओनमध्ये २०१२ साली असं देशव्यापी सर्वेक्षण झालं. सर्व वयांची माणसं धरून, त्या घरांत वर्षभरात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे पाव मृत्यू शस्त्रक्रियेची सेवा वेळेत मिळाली असती तर टळू शकले असते, असं त्यातून दिसलं. ही माहिती एकट्या रुग्णालयाकडून कधीच मिळाली नसती.

बरं, जी पोचतात त्यांचं काय? २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांचा एकत्रित अभ्यास आला. पोटाच्या आणि आतड्याच्या सात जन्मजात दोषांची ३,८४९ मुलं त्यात होती. श्रीमंत देशांत त्यातली ५.६ टक्के दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के, गरीब देशांत ३९.८ टक्के. पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून आतडी बाहेर आलेली बाळं घेतली तर फरक अंगावर येतो: श्रीमंत देशांत १.४ टक्के मृत्यू, गरीब देशांत ९०. दोष तोच. आणि हे आकडे दारापर्यंत पोचलेल्या मुलांचे आहेत.

आता तो “पाचातला एक”. हा आकडा हवेतला नाही. रवांडा, सिएरा लिओन, नेपाळ आणि युगांडा या चार देशांत २०११ ते २०१४ या काळात एकाच पद्धतीने घरोघरी सर्वेक्षणं झाली. त्यातल्या १३,८०६ माणसांपैकी ६,३६१ मुलं होती; त्यांची माहिती एकत्र करून २०१७ साली निष्कर्ष मांडले गेले: १९ टक्के मुलांना शस्त्रक्रियेशी संबंधित गरज होती, आणि त्यातल्या ६२ टक्के मुलांची किमान एक गरज भागलेली नव्हती.

“ऑपरेशन लागतं” हे शब्द मात्र संदेश लिहिणाऱ्याचे आहेत. सर्वेक्षणात “गरज” म्हणजे शस्त्रक्रियेची जाण असलेल्या माणसाने बघायला हवं असं काहीही. खोल जखम, भाजणं, गळू, मोडलेलं हाड, गाठ, जन्मजात व्यंग, हे सगळं त्यात येतं. यातल्या पुष्कळ मुलांना ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावंच लागत नाही. टाके, प्लास्टर, नीट केलेलं ड्रेसिंग पुरतं. पण ते वेळेत आणि जाणत्या हातांनी व्हावं लागतं. भाजलेल्या हाताचंच बघा. आई सांगते, “जखम भरली की.” भरलेली असतेच. पण भरताना कातडी आखडते आणि बोटं तळव्याकडे ओढली जातात. प्रगणकाने “मूठ उघडून दाखव बाळा” म्हटलं की मुलगी दुसऱ्या हाताने बोटं सरळ करायला जाते आणि ती होत नाहीत. सुरुवातीला हाताला आधारपट्टी बांधली असती, गरजेप्रमाणे कातडी लावली असती, तर ती आज पेन्सिल धरत असती. ही मुलगी “ऑपरेशन लागणाऱ्या” मुलांत मोजायची की नाही यावर वाद घाला हवा तर. तिला मोजायलाच नको असं कसं म्हणता?

देशादेशांत आकडे बदलतात हेही खरं. आफ्रिकेतल्या सोमालीलँडमध्ये २०१७ साली फक्त मुलांसाठी देशभर सर्वेक्षण झालं, तिथे प्रमाण १२.२ टक्के निघालं. काय विचारलं, कुठल्या वयापर्यंत विचारलं, बरी झालेली जुनी दुखणी धरली का, यावर आकडा हलतो. म्हणून दोन सर्वेक्षणांचे आकडे शेजारी ठेवून “बघा, जुळत नाहीत” म्हणण्याआधी दोन्ही प्रश्नावल्या वाचायला हव्यात. एक गोष्ट मात्र सगळीकडे तीच दिसते: ज्यांना गरज आहे त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेला नाही. सोमालीलँडमध्ये सापडलेल्या दुखण्यांपैकी जेमतेम चतुर्थांशांवर शस्त्रक्रिया झालेली होती.

“अडाणी आयांना हर्निया काय कळणार” या वाक्याचा मला राग येतो, तो लपवत नाही. आईला हर्निया हा शब्द माहीत नसेल. तिला तिचं मूल माहीत असतं. प्रश्न नीट विचारायची जबाबदारी आपली.

प्रशिक्षणात मी शेजारी बसून ऐकलेली एक मुलाखत सांगते. प्रगणक नवी होती. तिने कागदावरचा प्रश्न तसाच वाचला, “ताई, बाळाला जांघेत किंवा गुप्तांगाला काही त्रास?” आई म्हणाली, “नाही.” मुलगी पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, असं विचार: रडताना किंवा शी करताना जोर लावला की तिथे फुगवटा येतो का?

“हो, तो येतो ना,” आई म्हणाली. “पण झोपला की जातो. त्याला कशाला त्रास म्हणायचं?”

आठ महिन्यांचं बाळ, आणि जांघेतल्या हर्नियाचं इतकं नेमकं वर्णन एखाद्या शिकाऊ डॉक्टरनेही केलं नसतं. म्हणूनच या सर्वेक्षणांत “तुमच्या मुलाला कुठला आजार आहे?” असं विचारतच नाहीत. डोकं-चेहरा-मान, छाती, पाठ, पोट, जांघ आणि गुप्तांग, हातपाय असं वरून खालपर्यंत एकेक भाग घेऊन रोजच्या शब्दांत विचारतात. नेपाळमध्ये तर तोंडी उत्तरांच्या जोडीला प्रत्यक्ष पाहणीही केली गेली, सांगितलेलं आणि दिसलेलं जुळतं का ते तपासायला.

चुका होतात, नक्की होतात. पण त्या कुठल्या बाजूला होतात ते बघा. हाताने चाचपून पाहिल्याशिवाय खाली न उतरलेला अंडकोष कळत नाही, तो सुटतो. हृदयातलं छिद्र सुटतं. लाजेपोटी न सांगितलेलं सुटतं. म्हणजे तोंडी सर्वेक्षणाने आकडा फुगण्यापेक्षा कमी भरण्याचाच संभव जास्त.

दीड हजाराचा मुद्दा लवकर आटपते. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच. अट एवढीच की वरवरचं एक शीत उचलायचं नाही, भात ढवळून वेगवेगळ्या जागची घ्यायची. सर्वेक्षणात हे ढवळणं म्हणजे वस्त्या, त्यातली घरं आणि घरातली माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडणं. १,५०० मुलं अशी निखळ निवडली, तर १२ टक्क्यांच्या आसपासच्या आकड्यात चूक साधारण दीड-पावणेदोन टक्क्यांच्या आत राहते, देश लहान असो वा मोठा. प्रत्यक्षात वस्त्यांचे गट करून निवड होते, त्यामुळे ती वाढते, कधी बरीच वाढते. अहवालात आकड्याशेजारी कमाल-किमान मर्यादा छापतात त्या यासाठीच. शंका घ्यायचीच तर निवड कशी केली त्यावर घ्या.

संदेशातलं सर्वांत घातक वाक्य माझ्या मते “आपोआप जातात” हे आहे, कारण ते अर्धं खरं आहे. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत खरोखर आपोआप बंद होतो. तान्ह्या बाळाच्या अंडकोषाभोवतीचं पाणी बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षात जिरतं. अशा मुलांना थांबा असंच आम्ही सांगतो. पण जांघेतला हर्निया कधीच आपोआप जात नाही. वरच्या त्या बाळाचा फुगवटा एखाद्या रात्री आत गेला नाही, कडक झाला, तर आत अडकलेलं आतडं काही तासांत काळं पडू लागतं, आणि हा धोका जितकं मूल लहान तितका जास्त. बेंबी आणि जांघ यांत वीतभराचंही अंतर नाही, आणि एका ठिकाणी थांबायचं तर दुसऱ्या ठिकाणी थांबायचं नाही. हे घरच्यांनी कुठल्या संदेशावरून ठरवायचं?

अंडकोष सहा महिन्यांपर्यंत खाली उतरला नाही तर पुढे तो उतरण्याची आशा फार कमी. वर्ष-दीड वर्षाच्या आत ऑपरेशन व्हावं असं मानतात, नाहीतर पुढे वंध्यत्वाचा आणि कर्करोगाचाही धोका वाढतो. आत वळलेल्या पायांचं तर मला जास्तच वाईट वाटतं. साधारण हजारात एका बाळाला हे असतं. पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात केली तर दर आठवड्याला बदलायची पाच-सहा प्लास्टरं, बहुतेकांना टाचेमागच्या शिरेला एक छोटा छेद, आणि पुढे काही वर्षं रात्री घालायचे पट्टीने जोडलेले बूट. एवढ्यावर मूल सपाट पावलांनी चालतं. “मोठा झाला की सरळ होईल” म्हणून थांबलेलं मूल पायाच्या बाहेरच्या कडेवर चालायला शिकतं आणि तिथे घट्टे पडतात.

“त्यापेक्षा लसी द्या.” लसी द्याच, त्याबद्दल वाद नाही. पण हे दोन्ही एकाच ताटातून हिसकावून घ्यायचे नाहीत. २०१४ साली गरीब देशांतल्या शस्त्रक्रियांच्या खर्चाचा आढावा प्रसिद्ध झाला. निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला किती खर्च येतो असं मोजलं, तर दुभंगलेल्या ओठ-टाळूची शस्त्रक्रिया क्षयाच्या बीसीजी लसीच्या पंगतीत बसते, आणि एचआयव्हीच्या औषधोपचारापेक्षा बरीच स्वस्त पडते. लस दिलेलं मूलही झाडावरून पडतं, भाजतं, त्याचंही आतडं अडकतं. जगात सुमारे १७० कोटी मुलांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळण्याची सोय नाही, असा २०१७ सालासाठीचा अंदाज आहे.

राहिलं शेवटचं: सर्वेक्षणाने एकही ऑपरेशन होत नाही. नायजेरियाने २०१९ ते २०२३ साठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, भूल आणि परिचर्या यांचा राष्ट्रीय आराखडा केला, तेव्हा त्यात मुलांच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र जागा दिली. अशी जागा कुणी मोजून दाखवल्याशिवाय मिळत नाही. प्रश्नावलीत आणखी एक प्रश्न असतो: उपचार घेतला नाही, तर का? पैसे नव्हते, वाहन नव्हतं, गेलो पण डॉक्टर नव्हता, भीती वाटली, गरज वाटली नाही. एका भागात “वाहन नव्हतं” जास्त आलं आणि दुसऱ्या भागात “गेलो पण परत पाठवलं” जास्त आलं, तर दोन्हीकडे नवी इमारत बांधून भागणार नाही. एकीकडे रस्ता आणि गाडी लागेल, दुसरीकडे भूलतज्ज्ञ.

तरी या वाक्यात एक गोष्ट आहे जिच्यावर मी संदेश लिहिणाऱ्याशी भांडणार नाही. त्या आठ महिन्यांच्या बाळाची मुलाखत संपल्यावर आईने विचारलं होतं, “मग आता कुठे जायचं?” प्रगणकाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या पिशवीत प्रश्नावल्या होत्या, पेनं होती, संमतीपत्रं होती, आणि या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी हात लावलेल्या प्रत्येक सर्वेक्षणात पिशवीत आधी चिठ्ठ्यांचं पुस्तक जातं: रुग्णालयाचं नाव, वार, कुणाला भेटायचं, आणि फुगवटा आत गेला नाही तर वाराची वाट न बघता त्याच रात्री निघायचं, हे ठळक अक्षरात.