जखमी कुत्र्याला ‘तसाच राहू द्या’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: जखमी भटक्या कुत्र्याला हात लावू नका, कारण हात लावल्याने रेबीज होतो, मोडलेले हाड किंवा लुळे पडलेले पाय पुन्हा बरे होत नाहीत, तेव्हा त्याला मरू देणे हीच दया, उपचारांमुळे कुत्र्यांची संख्या वाढते, आणि बऱ्या झालेल्या कुत्र्याला पुन्हा गल्लीत सोडणे आता बेकायदा आहे. शेवटी सल्ला आहे की फारच जीव कळवळला, तर जखमेतल्या किड्यांवर पेट्रोल ओता आणि माणसाची दुखण्यावरची गोळी भाकरीत घालून द्या. हा शेवटचा सल्ला कुत्र्याच्या जिवावर बेतणारा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पावसाळ्यात कानामागे, मानेवर किंवा शेपटीच्या बुडाशी झालेल्या लहानशा जखमेवर माशा अंडी घालतात आणि दोन-तीन दिवसांत अळ्या आतून मांस पोखरू लागतात. पेट्रोल, रॉकेल किंवा फिनाईल ओतले की वरच्या काही अळ्या बाहेर पडतात, त्यामुळे इलाज लागू पडला असे वाटते. पण उघडे मांस भाजून निघते, आणि कुत्रा जखम चाटतो तेव्हा तेच विष त्याच्या पोटात जाते. पशुवैद्य जखम धुतात, चिमट्याने अळ्या काढतात, कुजलेला भाग साफ करतात आणि औषध भरतात. त्यानंतर ड्रेसिंग नियमाने झाले, तर पाहवत नाही अशी जखमही भरून येते. गोळ्यांचा प्रकार याहून वाईट आहे. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचे प्रमाण जास्त झाले तर यकृतावर परिणाम होतो. घरच्या डब्यातली गोळी कुत्र्याला द्यायचीच नाही, एवढे एक पथ्य पाळले तरी बरेच जीव वाचतील.

रेबीजची भीती मात्र निराधार नाही, आणि ती बाळगणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस वाचल्याची उदाहरणे जगभरात अगदी मोजकी आहेत. तरीही विषाणू लाळेतून पसरतो. चावल्याने, ओरखड्याने, किंवा फुटलेल्या त्वचेला अथवा डोळ्या-तोंडाला लाळ लागल्याने तो शरीरात शिरतो. धड त्वचेने कुत्र्याच्या अंगाला नुसता स्पर्श झाल्याने रेबीज होत नाही. म्हणून जखमी कुत्र्याच्या डोक्यावर जाड चादर टाकावी, त्याला श्वासाचा त्रास किंवा उलटी होत नसेल तर कापडाच्या पट्टीने तोंड बांधावे, आणि मणक्याला धक्का लागू नये म्हणून फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर घेऊन उचलावे. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी. दाताने त्वचा फाटली किंवा रक्त आले असेल तर सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही, लागते. हे काम वारंवार करणाऱ्यांना आधीच लस घेऊन ठेवता येते, आणि ती त्यांनी घ्यावीच.

संदेशात नसलेला एक धोका इथे सांगायला हवा. रेबीज झालेला प्रत्येक कुत्रा पिसाळून धावत सुटत नाही. काहींचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, मागचे पाय लटपटतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले आहे किंवा गाडीची धडक बसली आहे. अशा वेळी हाड काढायला तोंडात हात घालणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते. अंगावर जखमेची खूण नसताना कुत्रा असा वागत असेल, तर त्याला न पकडता पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि नगरपालिकेला कळवावे.

आता मोडलेल्या हाडांविषयी. या दाव्याने सर्वाधिक कुत्रे मरतात, कारण तो ऐकून चांगली माणसेही मागे फिरतात. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणून मागचा एक पाय कापावा लागला तरी बहुतेक कुत्रे थोड्याच दिवसांत तीन पायांवर पळू लागतात. कमरेच्या हाडांना चहूबाजूंनी मांसाचा आधार असतो, त्यामुळे तिथले अनेक अस्थिभंग शस्त्रक्रियेविना, केवळ लहान जागेत काही आठवडे कोंडून ठेवल्याने जुळतात. नशिराबादजवळ महामार्गावर गाडीखाली सापडलेली एक तपकिरी कुत्री आमच्याकडे अशीच महिनाभर केळीच्या क्रेटांच्या आडोशाला ठेवली होती. पहिला आठवडा तिची लघवी दिवसातून तीन-चार वेळा पोट हलके दाबून काढावी लागे, अंगाखालचे गोणपाट बदलून तिला दुसऱ्या कुशीवर वळवावे लागे. पाचव्या आठवड्यात ती उठून बाजूच्या शेतात गेली.

मणक्याला मार असेल तेव्हा पशुवैद्य मागच्या पायाचे बोट चिमट्याने जोरात दाबून पाहतात. पाय झटकला एवढ्याने भागत नाही, कारण ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवली किंवा तो कळवळला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचते असे समजतात आणि आशा धरतात. ज्यांची आशा उरत नाही असेही असतात, हे मी मान्य करतो. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देण्याची सोय केली आहे. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, डांबरावर दोन दिवस तडफडून येणाऱ्या मरणाला दया म्हणता येणार नाही.

संख्या वाढते ती प्रजननाने. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते आणि वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते. उपचारासाठी हाती आलेला कुत्रा बरा होताच त्याची नसबंदी आणि रेबीजचे लसीकरण करून घेता येते, जे एरवी त्याला पकडण्यापासूनच अवघड असते. उपचार आणि संख्या यांचा संबंध संदेशात सांगितला आहे त्याच्या नेमका उलट आहे.

राहिला कायद्याचा मुद्दा. २०२३ चे नियम सांगतात की नसबंदी आणि लसीकरण झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील कुत्रे निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, पण २२ ऑगस्टला तो बदलून रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे वगळता बाकीच्यांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. संदेश त्यातला फक्त पहिला आदेश उचलतो. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून काढलेले कुत्रे पुन्हा तिथेच सोडू नयेत असे म्हटले आहे, आणि ते पाळायला हवे. भुसावळ स्थानकाच्या फलाटावरून उचललेला कुत्रा बरा झाल्यावर फलाटावर परत जाणार नाही. मात्र तो आदेश त्या आवारांपुरता आहे. गल्लीतल्या कुत्र्याला, त्याच्या कानावर नसबंदीची खूण झाल्यावर, त्याला ओळखणाऱ्या आणि रोज भाकर टाकणाऱ्या घरांना आधी सांगून, त्याच गल्लीत सोडावे.