निळ्या साळिंदराचं एक मिनिट

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांची वेशभूषा स्पर्धा असते आणि तिचा एक जाचक नियम आहे. नुसतं नटूनथटून स्टेजवर उभं राहिलं तर गुण मिळत नाहीत. माइकसमोर येऊन एक मिनिट बोलावं लागतं, तेही मराठीत आणि 'मी'ने सुरुवात करून. त्यामुळे दरवर्षी 'मी झाशीची राणी', 'मी सावित्रीबाई', 'मी भाजीवाली' आणि ज्यांच्या घरी आयत्या वेळी आठवतं त्यांच्याकडून 'मी झाड, मला तोडू नका' असं ऐकायला मिळतं. झाडाचं एक बरं असतं. त्याला भाषण लागतं, स्वभाव लागत नाही.

यंदा चिरंजिवांनी जाहीर केलं, "मी सॉनिक होणार." सॉनिक म्हणजे व्हिडिओ गेममधला निळा हेजहॉग, साळिंदरासारखा काटेरी प्राणी. बायकोने तिथल्या तिथे कामाची वाटणी केली. निळं कापड, पाठीवरचे काटे आणि लाल बूट तिच्याकडे. ते एक मिनिट माझ्याकडे. "तुला तशीही लिहायची हौस आहे," हे वर.

व्हिडिओ गेम म्हटलं की आमच्या पिढीला आठवते ती कॅसेट. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, आणि 'मारिओ' नाहीतर 'काँट्रा' लावायचा. मारिओचा स्वभाव कसा आहे, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही मारिओला विचारलं नाही. तो उडी मारायचा, सोफ्यावर बसून आम्हीही खांदे उडवायचो, विषय संपला. सॉनिकचं तसं नाही. सॉनिकला स्वभाव आहे. किंबहुना स्वभाव हेच त्याचं भांडवल. मारिओला टक्कर द्यायला सेगा कंपनीने त्याला १९९१ साली बाजारात उतरवलं, तेच मुळी 'हा जास्त टेचात राहणारा आहे' असं सांगत.

तेव्हा कागदावर 'मी सॉनिक. मी निळा हेजहॉग आहे. मी फार जोरात पळतो' इतकं लिहून झालं. वाचायला सहा सेकंद. उरलेल्या वेळात 'मी असा असा आहे' हे सांगायचं होतं, म्हणून मी कौटुंबिक ग्रुपवर साधा प्रश्न टाकला: सॉनिकचा स्वभाव कसा आहे, दोन ओळींत सांगा.

एरवी या ग्रुपवर फुलांचे फोटो आणि वाढदिवसाचे केक यांपलीकडे काही येत नाही. त्या रात्री मात्र तीन खंडांतले नातेवाईक जागे झाले.

पहिला आला न्यू जर्सीचा मावसभाऊ. १९९३ साली तो तिथे शाळेत होता, आणि त्याच वर्षी अमेरिकेत सॉनिकची दोन कार्टून एकदम सुरू झाली. एक रोजचं, दुसरं शनिवार सकाळचं. रोजच्या कार्टूनमधला सॉनिक म्हणजे शुद्ध विदूषक. वेषांतरं करतो, खलनायकाची टर उडवतो, चिली डॉग खातो आणि शेवटी कॅमेऱ्याकडे तोंड करून मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो: अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, वगैरे. शनिवारच्या कार्टूनमध्ये मात्र त्याच खलनायकाने, डॉक्टर रोबॉटनिकने, अख्खं शहर गिळलेलं, लोकांची यंत्रं केलेली, आणि सॉनिक जंगलात लपलेल्या बंडखोरांच्या टोळीत. म्हणजे आठवडाभर हसवायचं आणि शनिवारी राज्य उलथवायचं. गंमत म्हणजे दोघांचा आवाज एकाच नटाचा, जलील व्हाइटचा. "तर दादा, यातला कुठला घेऊ?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "दोन्ही. सुरुवात जोकने कर, मग क्रांती." एका मिनिटात!

लंडनच्या चुलतबहिणीला हे मुळीच पटलं नाही. तिच्याकडे तेव्हा पंधरवड्याला 'सॉनिक द कॉमिक' यायचं. त्या ब्रिटिश कॉमिकमधला सॉनिक शूर असला तरी वागायला महा खवट. स्वतःवर बेहद्द खूष, आणि मित्रांना टोमणे मारल्याशिवाय त्याचं जेवण पचत नसावं. टेल्स नावाचा दोन शेपट्यांचा कोल्हा बिचारा त्याला देव मानतो, तर हा त्याला चारचौघांत 'पिक्सेल-ब्रेन' म्हणतो. शिवाय तिथे सॉनिकच्या अंगात येतं. इतर ठिकाणी 'सुपर सॉनिक' म्हणजे सोनेरी, तेजस्वी, संकटात धावून येणारं रूप. ब्रिटनमध्ये तोच दिसेल त्याला झोडपणारा राक्षस. "तुमचे सगळे सॉनिक फार गोड आहेत," असं ताईने लिहिलं आणि खाली नमस्काराचा इमोजी टाकला. तो नमस्कारही टोमणाच होता.

आता भाचीची पाळी. ती पुण्यात जपानी शिकते. पुण्यात जपानी शिकणाऱ्याला जगातल्या कुठल्याही वादात मूळ संहिता आपल्याकडे असल्यासारखं वाटतं, आणि या वादात तर ती खरंच जपानची निघाली. तिने लिहिलं, "मामा, खरा सॉनिक कमी बोलतो. तो वाऱ्यासारखा आहे. कुणाचा बांधील नाही, पण वेळ आली की हजर." शिवाय जपानमध्ये १९९८ पासून गेममध्ये त्याला एकच नट आवाज देतोय, जुनइचि कानेमारु, अमेरिकेत मात्र नट बदलत राहिले, हेही तिने सुनावलं. २००३ची जपानी मालिका अमेरिकेत गेली तेव्हा डबिंग करणाऱ्यांनी तिच्यात जागोजागी विनोद भरले, याचा तिला वैयक्तिक राग आहे. मालिका आली तेव्हा ही जन्मालाही आली नव्हती, पण राग आहे.

मी म्हटलं, चला, जपानी तो अस्सल. तर तासाभराने तिचाच मेसेज, जरा पडेल सुरात. १९९२ साली जपानमध्येच शाळकरी मुलांच्या मासिकात सॉनिकची चित्रकथा यायची, आणि तिचा नायक होता निकी नावाचा भित्रा मुलगा. तो संकटात सापडला की त्याचा सॉनिक व्हायचा, आणि झालेला त्याला पत्ता नसायचा. म्हणजे माहेरीसुद्धा एकमत नाही.

मग मी मुळातच गेलो. नाओतो ओशिमा या चित्रकाराने हे ध्यान काढलं. काही चित्रं घेऊन तो न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातलं आवडतं कुठलं? लोकांनी हेजहॉगवर बोट ठेवलं. बूट मायकल जॅक्सनवरून सुचले, त्यांचा लाल-पांढरा रंग सांताक्लॉजवरून, आणि हाती घेतलेलं काम उरकून टाकायची वृत्ती म्हणे बिल क्लिंटनवरून. एवढं सामान आयात करून बनवलेला प्राणी अमेरिकेत पाठवला, तर तिथल्या सेगाच्या लोकांनी त्याचे सुळे काढायला लावले, त्याचा रॉक बँड मोडला आणि मॅडोना नावाची एक मानवी मैत्रीण होती तिला घरी पाठवलं. सुळ्यांचं मी समजू शकतो. पण बँड! बँडवाल्या मुलाला बँड सोडायला लावणारे घरचे लोक आपल्याकडेच असतात असं मला वाटायचं.

या काटछाटीचाही पुढे कुणी मान राखला नाही. १९९९च्या एका कार्टूनमध्ये सॉनिक पुन्हा बँडमध्ये वाजवू लागला. २००६च्या गेममध्ये एका मानवी राजकन्येने त्याचा मुका घेतला. आणि दात? २०१९च्या एप्रिलमध्ये पहिल्या चित्रपटाचा ट्रेलर आला तेव्हा त्याच्या तोंडात चक्क माणसाची बत्तिशी होती. ती बघून जगभर असा आरडाओरडा झाला की निर्मात्यांनी नोव्हेंबरचं प्रदर्शन पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीवर ढकललं आणि नायक नव्याने घडवला. साधी दाढ भरायची तर आमच्या डॉक्टरांची तारीख मिळत नाही.

इतका वेळ आमच्या मातोश्री सोफ्यावर वाती वळत ऐकत होत्या. त्यांनी पहिला आणि एकमेव प्रश्न विचारला, "या निळ्या साळिंदराचे आईवडील कोण?"

ग्रुपवर सामसूम झाली. कारण गेममध्ये आईवडिलांचा पत्ताच नाही. १९९९च्या त्या कार्टूनमध्ये मात्र तो राजपुत्र आहे, तिळ्या भावंडांपैकी एक. आई अलीना राणी, बहीण सोनिया, भाऊ मॅनिक. चित्रपटात त्याला लाँगक्लॉ नावाच्या घुबडीणीने वाढवलंय. हे सगळं ऐकून आई म्हणाली, "मग ठीकच आहे. हे स्थळाच्या चौकशीसारखं झालं." आणि खरंच तसं होतं. मुलाची आत्या सांगते, मुलगा फार मोकळा आहे. शेजारी सांगतात, तोंडाळ आहे. मामा सांगतो, शांत. ऑफिसातले सांगतात, घुमा. मुलगा एकच, बाहेर खुर्चीत बसून पाय हलवतोय.

पाय हलवतोय म्हटल्यावर मी तो पहिला गेम चिरंजिवांच्या मदतीने लावून बघितला. त्यात सॉनिक एक शब्द बोलत नाही. पळतो, गोल होऊन लोळतो, सोन्याच्या कड्या गोळा करतो. पण खेळता खेळता तुम्ही चहाचा कप घ्यायला हात काढलात, की तो थांबतो, वळून तुमच्याकडे बघतो आणि पाय आपटायला लागतो. चल ना, काय बसलायस! पडद्यावरचं पात्र पडद्याबाहेरच्या माणसावर वैतागलंय. माझ्या मते त्याचा मूळ स्वभाव इतकाच. बाकीचं सगळं त्या आपटणाऱ्या पायावर रचलेलं आहे. तो पाय अमेरिकन टीव्हीवाल्यांना वर्गातल्या वात्रट पण मनाने चांगल्या मुलाचा वाटला. ब्रिटिशांना तो आगाऊपणा वाटला, आणि आगाऊपणावर त्यांचं प्रेम जुनं आहे. जपान्यांना वाटलं, याला कुठेतरी निघायचंय, उगाच अडवू नका.

आणि आमच्या घरच्यांना? जोकने सुरुवात करणारा दादा स्वतःच्या लग्नातही जोकने सुरुवात करून मग भाषणावर गेला होता. ताईबद्दल मी काही लिहित नाही, ती हे वाचते. भाची कमी बोलते, कुणाची बांधील नाही, आणि चार-चार दिवस मेसेजला उत्तर देत नाही.

एवढ्या चर्चेत स्टेजवर जाणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. चिरंजीव नऊ वर्षांचे आहेत आणि त्यांचा सॉनिक चित्रपटातला, बेन श्वार्ट्झच्या आवाजातला, २०२०चा. मोंटानातल्या एका लहान गावात एकटाच लपून राहणारा, बेसबॉलचा सामना दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळणारा आणि जिंकल्यावर आनंद वाटून घ्यायला कुणी नाही म्हणून रडवेला होणारा. "बाबा, तो खूप बडबड करतो," मुलगा म्हणाला, "कारण त्याला मित्र नसतो ना." मी पेन खाली ठेवलं. हा सॉनिक विदूषक नाही, क्रांतिकारक नाही, वारा तर नाहीच. आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेला मुलगा आहे. वर्षभरापूर्वी आम्हीही नवीनच होतो.

तरी नातेवाईकांना वाऱ्यावर सोडता येत नाही. शेवटी जो मजकूर तयार झाला तो असा: 'मी सॉनिक. मी फार जोरात पळतो. (इथे न्यू जर्सीसाठी एक विनोद, लिफ्ट बंद असली तरी मी आधी पोचतो.) मला कुणी बांधून ठेवू शकत नाही. (जपान.) टेल्स, मागे काय करतोयस, लवकर चल! (लंडन, 'पिक्सेल-ब्रेन' सेक्रेटरींनी कापलं.) पण मला एकट्याने खेळायला आवडत नाही. माझ्याशी खेळाल का?' शेवटची दोन वाक्यं त्याची आहेत, मी फक्त काना-मात्रा बघितल्या.

एक गोष्ट मी त्याला सांगायला नको होती असं बायकोचं मत आहे. १९९३च्या 'सॉनिक सीडी' या गेममध्ये तीन मिनिटं काहीच केलं नाही, तर सॉनिक 'आय अ‍ॅम आउटा हिअर' म्हणतो, पडद्याबाहेर उडी मारतो आणि खेळ खलास. आता आमच्याकडे मुलांच्या आधी प्रमुख पाहुण्यांचं मनोगत असतं, आणि त्या वेळी सगळी मुलं स्टेजवर मागे ओळीत उभी केलेली असतात. चिरंजीव घड्याळ लावून सराव करतायत.

काल दुपारी तळमजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांच्या मुलाने ऐनवेळी ठरवलंय की तो सॉनिकचा शत्रू होणार. "भावजी, त्याचं नाव एगमन सांगायचं की रोबॉटनिक? पोटाला उशी बांधायची की नाही? गेममध्ये तो अंड्यासारखा गोल दिसतो आणि सिनेमात तर जिम कॅरी पार सडपातळ आहे. आणि हो, तो आधी चांगला असतो का हो? वाईट माणूस म्हटलं की ह्याचे आजोबा चिडतात."

ब्रिटनमध्ये तो आधी किंटोबोर नावाचा सज्जन शास्त्रज्ञ होता, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्यांना न्यू जर्सीचा नंबर दिला.