गमबूट म्हण की सरळ!

परवा कोल्हापुरात महाद्वार रोडवर भर पावसात माझी जी शोभा झाली तिचं मूळ एका डुकरीत आहे. कार्टूनमधली, गुलाबी, पेपा नावाची. पोरगी चार वर्षांची, शाळेतनं निरोप आला की घरी इंग्लिश बोला. आता आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली माणसं. मला फोटोसिंथेसिस येतं, पार्लमेंट येतं, पण डबक्याला काय म्हणायचं? उचकीला? शेंबडाला? हे कुठल्या मास्तरनं कधी सांगितलंच नाही, ते अडतिसाव्या वर्षी पोरीशेजारी मांडी घालून बसल्यावर कळलं. पडल! मडी पडल! मग मला चटकच लागली. एक ऑस्ट्रेलियातल्या निळ्या कुत्रीचं, ब्लुईचं कार्टून आहे, त्यातनं पोरीनं डनी, म्हणजे संडास, हा शब्द उचलला आणि पाहुण्यांसमोर जाहीर केलं की पप्पा डनीत आहेत. पाहुण्यांना वाटलं गावाचं नाव असेल.

तर गमबूट घ्यायचे होते. आणि मी, कुठल्यातरी ब्रिटिश कार्टूनमध्ये ऐकलेलं, पोरीपुढं हवा करायची म्हणून दुकानदाराला म्हटलं, "वेलीज दाखवा, चार वर्षांच्या मुलीचे."

"कुठली वेली?"

"वेलिंग्टन बूट हो."

"ती कंपनी बंद पडली."

इथंच विषय संपला असता. पण स्टुलावर एक आजोबा बसलेले, एका पायात नवी सँडल, दुसऱ्यात जुनी, बहुतेक इतिहासाचे रिटायर मास्तर. त्यांनी मान वळवली.

"काय म्हणालास? वेलिंग्टन? कोण त्यो, ठावं हाय?"

"बूट, काका."

"बूट न्हवं! आर्थर वेलस्ली! १८०३, असईची लढाई! शिंदे-भोसल्यांची फौज मोडली त्यानं, आन् त्याचा बूट तू अंबाबाईच्या दारात मागालायस?"

मी म्हटलं, काका, मला डबक्यासाठी पाहिजेत. ते ऐकायला आजोबा तिथं होतेच कुठं, ते असईत पोचलेले. काउंटरवर बुटाची लेस आडवी टाकली. "ही कैलना नदी." दोन खोकी समोरासमोर ठेवली. "ही दोन गावं. त्यानं काय हेरलं, दोन काठांवर दोन गावं हायत म्हंजे मधी उतार असणारच! आन् तिथनंच नदी पार केली बघ!" असं म्हणून नवी सँडल लेसवरनं पलीकडं नेली. चार गिऱ्हाईकं जमली. एकानं विचारलं, मग आपली माणसं काय करत होती? त्यावर आजोबा माझ्याकडं असं बघायला लागले जणू मीच त्या दिवशी रजेवर होतो.

"आन् तवा बूट कातडी हुते, रबर नंतर आलं! डबक्यासाठी पायजेत ना? मग गमबूट म्हण की सरळ!"

सगळे हसले. पोरगी पण. मी साडेतीनशे रुपये देऊन गप बाहेर पडलो आणि बिंदू चौकात आल्यावर डोक्यात उजेड पडला की अरे, गमबूट पण इंग्लिशच आहे! आणि सँडल काय जोतिबानं पाठवली? पण परत जाऊन भांडायला पाऊस फार होता.

तसं बघितलं तर ही डबक्यात उड्या मारायची हौस त्यांनाच परवडते. पेपाचं डबकं घोट्याएवढं, कडेला हिरवळ. आमच्यात पाणी म्हटलं की पहिलं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. आणि गल्लीतल्या खड्ड्यात पावसाचं किती आणि गटारीचं किती हे सांगायला कुणी येत नाही, दरसाली मुरूम टाकतात, दरसाली तो वाहून जातो, आणि त्यात पाय घालायला आम्ही बूट विकत घ्यायचे.

तरी पोरीनं उडी मारलीच. कार्टूनमध्ये चिखल उडाला की अख्खं घर उताणं पडून हसतं. आमच्यात तो शेजारच्या मामांच्या नुकत्याच धुतलेल्या बुलेटवर उडाला. मामा हसले नाहीत. ते जे बोलले ते पोरीनं एका दमात पाठ केलंय आणि त्याला इंग्लिश शब्द मला अजून कुठल्या कार्टूनमध्ये सापडलेला नाही.